निरोप आणि पहारा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या एका काकूंनी आम्हांला भर रस्त्यात थांबवून विचारले, "पोरानं धंदा बदलवला काय जी भाऊ?" काकूंचा मुलगा पुण्याला संगणकाचा इंजिनिअर आहे. पहिली दहाबारा वर्षे त्याने सिग्नल प्रोसेसिंगचे काम केले. म्हणजे बोललेला आवाज थोड्या जागेत बसवावा, वाटेतली खरखर काढून टाकावी आणि पलीकडच्या माणसाला तो स्वच्छ ऐकू यावा, याची गणिते तो यंत्राला शिकवीत असे. आता तो इंटरनेटच्या सुरक्षेचे काम पाहतो. काकूंच्या हिशेबी हे म्हणजे सुतारकाम सोडून पोलिसात भरती होण्यासारखे झाले. त्या दिवशी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे, जरा उशिरा दिलेले, उत्तर आहे असे श्रोत्यांनी समजावे. आमचे म्हणणे असे की, पोराने धंदा बदललेला नाही. निरोप पोचविणे आणि निरोप राखणे हे एकाच धंद्याचे दोन हात आहेत, आणि याचा पुरावा शोधण्यासाठी फार लांब न जाता आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करता येते.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून शेगावला राहावयास गेले. खेडे लहान, पण तेथे येणारे टपाल एखाद्या संस्थानाला शोभेल एवढे. अडचण अशी की, शेगाव नावाचे दुसरे आणि अधिक प्रसिद्ध गाव बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांचे. पत्रे तिकडे जाऊ लागली. व्हाइसरॉयला दरारा वाटावा असा माणूस, पण टपालखात्याच्या लेखी तो केवळ एक पत्ता, आणि तोही संदिग्ध. अखेर १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम करण्यात आले. या नावामागचा आदर्श आपण सर्वजण जाणतो. त्यामागचा टपालाचा घोटाळा मात्र आपण सहसा सांगत नाही. आम्हांला तो फार मोलाचा वाटतो. निरोप वाट चुकू नये म्हणून दोन खुणा एकमेकींपासून पुरेशा दूर ठेवाव्यात, म्हणजे वाटेत थोडी गडबड झाली तरी एकीच्या जागी दुसरी वाचली जाणार नाही, हे तत्त्व अमेरिकेतील रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाने १९५० साली शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. सेवाग्रामच्या लोकांनी ते दहा वर्षे आधी नावाची पाटी बदलून अमलात आणले होते.

आश्रमात गेलेल्या प्रत्येकाने तेथली टेलिफोनची खोकेवजा खोली पाहिली असेल. लॉर्ड लिनलिथगो या व्हाइसरॉयला गांधीजींशी वरचेवर बोलण्याची गरज पडे, म्हणून त्याने हा फोन बसवून घेतला, असे तेथे सांगितले जाते. दिल्लीचा आवाज कुडाच्या झोपडीत येऊ लागला. पण त्या काळच्या टेलिफोनच्या तारेवरून आवाज जसाच्या तसा धावे. एक्सचेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेला कोणीही तो ऐकू शकत असे. तारेला आवाज वाहता येत होता, झाकता येत नव्हता. गांधीजींचे टपालही सरकार फोडून वाचीत असे. यावर गांधीजींनी काढलेला उपाय त्यांच्याच स्वभावाचा होता: गुप्त असे काही ठेवायचेच नाही. लपवाछपवीला ते पाप मानीत. सुरक्षेच्या इतिहासात इतका स्वस्त आणि इतका अभेद्य उपाय दुसरा नसेल. दुर्दैवाने तो महात्म्यालाच परवडतो. आपल्या बँकेच्या खात्याला तो लावून चालत नाही.

१४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी भारत सोडावा असा ठराव केला, तो इथे, वर्ध्यास. ऑगस्टमध्ये मुंबईस त्यावर शिक्कामोर्तब झाले आणि ९ तारखेच्या पहाटेपासून पुढारी तुरुंगात गेले. वृत्तपत्रांचे तोंड बांधलेले. मग निरोप न्यायचा कोणी? तेव्हा मुंबईत काही तरुणांनी चोरून रेडिओ केंद्र उभारले. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर पहिल्यांदा आवाज आला. ठिकाण विचाराल, तर हिंदुस्थानात कोठेतरी! बोलणाऱ्यांत बावीस वर्षांच्या उषाबेन मेहता होत्या. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते पाठीशी होते.

या प्रकरणात आम्हांला एक इंजिनिअरी धडा दिसतो. वर्तमानपत्र छापखान्यात छापून रात्री वाटता येते, वाटणारा पळून जातो. रेडिओचे तसे नाही. रेडिओ बोलू लागला की, बोलतो कोठून तेही तोच सांगतो. तारेचे वेटोळे फिरवीत गेले की, एका दिशेला आवाज मोठा होतो, एका दिशेला बारीक. अशा दोन जागांवरून दिशा काढून नकाशावर दोन रेघा मारल्या, तर त्या जेथे छेदतील तेथे यंत्र. पोलिसांच्या मोटारी मागावर होत्याच. म्हणून ही मंडळी यंत्र घेऊन एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हिंडत राहिली. जवळजवळ अकरा आठवडे त्यांनी हा लपंडाव खेळला. १२ नोव्हेंबरला धाड पडली, ती मात्र त्या रेघांच्या जोरावर नव्हे. यंत्र ज्याने जुळवून दिले होते तो तंत्रज्ञच पोलिसांना वश झाला आणि त्याने जागा दाखविली. उषाबेनना चार वर्षांची सजा झाली आणि १९४६ च्या मार्चपर्यंत त्या तुरुंगात होत्या. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविले.

याच महिन्यांत समुद्रापलीकडे लंडन आणि वॉशिंग्टन यांनाही हीच चिंता होती. चर्चिल आणि रूझवेल्ट रेडिओ-टेलिफोनवरून बोलत, तेव्हा आवाजाचे पट्टे उलटसुलट करून पाठविले जात. साध्या श्रोत्याला तो कालवाच वाटे. १९४१-४२ मध्ये जर्मन टपालखात्याच्या इंजिनिअरांनी तो कालवा सरळ करून ऐकायला प्रारंभ केला. (टपालखाते कोठलेही असो, पत्रे फोडण्याचा मोह त्याला आवरत नाही असे दिसते.) अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत मग एक अजस्र यंत्र तयार झाले. त्याचे नाव सिगसॅली. वजन सुमारे ५० टन. चाळीस उंच कपाटे. लंडनमधील यंत्र सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानाच्या तळघरात बसविले होते. १५ जुलै १९४३ रोजी ते सुरू झाले, म्हणजे वर्ध्याच्या ठरावाला बरोबर एक वर्ष आणि एक दिवस झाल्यावर. योगायोग एवढाच.

हे यंत्र काय करी ते नीट सांगितले पाहिजे, कारण काकूंच्या मुलाचे दोन्ही धंदे त्यात एकाच कपाटात आहेत. बोलणाऱ्याच्या आवाजाचे ते दहा पट्टे करी, खर्जापासून टिपेपर्यंत. प्रत्येक पट्ट्यात किती जोर आहे हे सेकंदाला ५० वेळा मोजी आणि ते माप शून्य ते पाच यांपैकी एका अंकात लिही. आवाज असा अंकांचा झाला. हे झाले सिग्नलचे काम. आता ग्रामोफोनसारख्या एका तबकडीवर निव्वळ यदृच्छेने आलेले अंक नोंदलेले असत. समजा, आवाजाचा अंक ४ आणि तबकडीचा ५. बेरीज ९, त्यातून ६ गेले, उरले ३. समुद्रावरून ३ जाई. पलीकडे तंतोतंत तशीच दुसरी तबकडी त्याच क्षणी त्याच जागी फिरत असे. तेथे ३ मधून ५ वजा केले, कमी पडले म्हणून ६ मिळविले, की पुन्हा ४. तबकडीच्या दोनच प्रती, एक इकडे, एक तिकडे. वापरून झाली की नष्ट करायची. मधल्या वाटेवर ज्याने ऐकले, त्याला केवळ खरखर ऐकू येई, आणि त्या खरखरीतून शब्द काढणे हे कोणाच्याही बुद्धीच्या आटोक्यातले नव्हते. हे झाले सुरक्षेचे काम. आवाज अंकांत उतरला नसता, तर त्यात बेरीज करता आली नसती. कुलूप लावण्यापूर्वी पेटी करावी लागते.

या यंत्राची गणिती तपासणी करणाऱ्यांत क्लॉड शॅनन हा तरुण होता. १९१६ साली मिशिगन राज्यात जन्मलेला. लहानपणी त्याने शेताच्या कुंपणाची काटेरी तार वापरून मित्राच्या घरापर्यंत तारायंत्र चालविले होते. आपल्याकडे कुंपणे तेवढी आहेत. १९४५ साली त्याने गुप्तलेखनाच्या गणितावर एक अहवाल लिहिला आणि सरकारने तो कपाटात बंद केला. १९४८ साली त्याने निरोप पाठविण्याच्या गणितावर एक प्रबंध छापला, आणि त्यावर आजचा सगळा टेलिफोन, दूरचित्रवाणी आणि इंटरनेट उभे आहे. जग दुसऱ्याला ओळखते. पण शॅननने स्वतःच पुढे सांगितले आहे की, ही दोन कामे त्याच्या मनात इतकी जवळजवळ होती की ती वेगळी करता येत नव्हती. काकूंना याहून मोठा साक्षीदार आम्ही कोठून आणावा?

दोन्हींना जोडणारा धागा कोणता? तो म्हणजे पुनरुक्ती. आपण बोलतो त्यात पुष्कळसे अनावश्यक असते. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी तारा केल्या आहेत. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून 'आई आजारी, ताबडतोब ये' एवढेच लिहीत, आणि तेवढ्यावर मुलगा रात्रीच्या गाडीत बसे. (ती तारसेवाही १४ जुलै २०१३ हा शेवटचा दिवस ठरून बंद झाली. जुलैचा मध्य निरोपांच्या इतिहासात असा पुनःपुन्हा का येतो, ते ज्योतिषांनी पाहावे.) सिग्नलचा इंजिनिअर हीच काटछाट गणिताने करतो. पुढे काय येणार हे ज्याच्यावरून ओळखता येते, ते पाठवायचेच कशाला? या विचाराने आवाज लहान करण्याची रीत १९६० नंतरच्या काळात पुढे आली, आणि तिच्या जनकांत कानपूरला जन्मलेले बिष्णू अटल यांचे नाव आहे.

पण ही पुनरुक्ती चोरालाही उपयोगी पडते, आणि याचे उदाहरण वऱ्हाडातलेच आहे. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान. या पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांतली मुख्य सकळ लिपी. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा खूण, अशी तिची घडण. मराठीतले आद्य गद्य त्यामुळे शतकानुशतके मराठी वाचकांच्या डोळ्यांसमोर असून अदृश्य राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते जाणत्यांपुढे आले. वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. ही लिपी टिकली ती पंथाच्या निष्ठेने. गणिताने पाहिले तर ती कच्ची होती. ज्या ग्रंथात 'सर्वज्ञ' आणि 'गोसावी' हे शब्द पानोपानी येतात, तेथे अक्षरांचे वेष बदलले तरी त्या शब्दांचा ठेका लपत नाही. कोणती खूण किती वेळा येते हे मोजीत बसले की भाषा आपण होऊन बोलू लागते. अरबांच्या अल-किंदी या पंडिताला नवव्या शतकातच हे ठाऊक होते. शॅननने त्याचे गणित केले: भाषेत जितकी पुनरुक्ती अधिक, तितके कुलूप लवकर उघडते. एकच गुण, सिग्नलवाला तो पिळून काढतो, चोर त्यालाच धरून आत शिरतो. सिग्नल जाणणारा इंजिनिअर पहाऱ्यावर उभा राहतो तेव्हा चोराचा रस्ता त्याला आधीच पाठ असतो, तो यामुळे.

पुढचा टप्पा याहून गमतीचा आहे. सिगसॅलीत तबकडी दोन्हीकडे आधी पोचवावी लागे. लाखो अनोळखी माणसे एकमेकांशी व्यवहार करणार असतील, तर किल्ल्या वाटीत कोण हिंडणार? हा पेच सुटणारच नाही, असे जाणते लोक समजत. १९६९ च्या सुमारास ब्रिटिश सरकारच्या गुप्तलेखन खात्यातील जेम्स एलिस याच्या वाचनात बेल प्रयोगशाळेचा युद्धकाळातला एक जुना अहवाल आला. तो होता टेलिफोनवरचा. त्यात म्हटले होते की, ऐकणाऱ्यानेच तारेवर खरखर सोडावी. बोलणाऱ्याचा आवाज त्या खरखरीत मिसळून येईल, मधला चोर गोंधळेल, आणि ऐकणाऱ्याने स्वतःचीच खरखर वजा केली की बोलणे मोकळे होईल. एलिसच्या ध्यानात आले की, येथे बोलणाऱ्याजवळ कसलीच किल्ली नाही! झाकण्याचे काम निरोप घेणारा करतो. मग अंकांच्या बाबतीत हे का होऊ नये? १९७३ साली त्याच खात्यातील क्लिफर्ड कॉक्स याने त्याचे गणित बसविले. सरकारने ते दडवून ठेवले ते १९९७ च्या डिसेंबरपर्यंत. एलिस त्याआधी काही आठवडेच वारला होता.

इकडे अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ही कल्पना स्वतंत्रपणे शोधून १९७६ साली उघडपणे छापली. खटक्याचे कुलूप डोळ्यांपुढे आणावे. उघडी कुलुपे मी चौकात ठेवून देतो. कोणीही एक उचलून पेटीला लावावे, दाबले की बसते. उघडण्याची किल्ली मात्र माझ्या खिशात. आज आपण बँकेचे पान उघडतो तेव्हा याच जातीचे कुलूप क्षणार्धात बसलेले असते. हेलमन स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्युत् अभियांत्रिकी विभागात होते. त्याच विभागात सिग्नल आणि संदेशशास्त्रातले एक मोठे नाव होते थॉमस कैलाथ यांचे. हे गृहस्थ पुण्यात १९३५ साली एका मल्याळी घरात जन्मले आणि १९५६ साली पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडले. निरोपाचे शास्त्र आणि कुलुपाचे शास्त्र एका छपराखाली नांदत होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

नंतरच्या काळात तर ही सरमिसळ वाढतच गेली. १९९९ साली पॉल कोचर व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, चिपचे कार्ड आपले गणित करीत असताना वीज कमीजास्त खाते, आणि त्या विजेचा आलेख सिग्नलसारखा वाचला तर आतली गुप्त किल्ली हाती येते. कुलुपाला हात न लावता त्याची कुरकुर ऐकून ते उघडायचे! असल्या चोरीवर पहारा ठेवायला ज्याचा कान सिग्नलवर तयार झाला आहे, असाच माणूस हवा.

सगळेच पहारेकरी विद्यापीठांतून आले असेही नाही. मॅट्रिकनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर यांच्या दुकानात १९९० नंतर फ्लॉपीवरचे रोग घेऊन संगणक येऊ लागले. धाकटे बंधू संजय यांनी त्यावर औषध लिहिले, ते १९९५ मध्ये बाजारात आले, आणि त्यातून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. २०१६ साली तिचे समभाग बाजारात आले. दुरुस्तीच्या टेबलावरून पहाऱ्यावर, हा रस्ताही तोच.

आता काकूंच्या हातातल्या फोनकडे येऊ. भारतात मोबाइल १९९५ साली आला. त्या पहिल्या पिढ्यांतला फोन आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करी. सेकंदाला ५० तुकडे. सिगसॅलीही सेकंदाला ५० वेळाच मोजीत असे. माणसाची जीभ आणि ओठ तेवढ्याच वेगाने हलतात, म्हणून हा आकडा पन्नास टनांच्या यंत्रात आणि पोलक्याच्या खिशात सारखाच राहिला. त्या फोनचे हवेतले कुलूप मात्र कमकुवत होते आणि शतक संपता संपता गणितज्ञांनी ते उघडून दाखविले. आजची कुलुपे बळकट आहेत, इतकी की चोरांनी त्यांचा नाद सोडला आहे. ते आता सरळ काकूंनाच फोन करतात. "बँकेतून बोलतो, आलेला नंबर सांगा." १९४२ च्या नोव्हेंबरात दिशा शोधणाऱ्या मोटारींना जे साधले नाही ते एका फुटलेल्या माणसाने केले. या चोरांनाही माणूसच फोडायचा असतो, फक्त काकूंना आपण फुटलो हे कळत नाही.

आणि सर्वांत ताजा प्रकार असा की, मुलाच्या आवाजाचा थोडासा नमुना घेऊन संगणक हुबेहूब त्याच्या आवाजात बोलतो, "आई, अडचणीत आहे, पैसे पाठव." आवाज लहान करण्यासाठी जे गणित शिकले गेले, त्याच घराण्यातले हे गणित. काकूंचा मुलगा या दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने आईला नवे यंत्र दिले नाही की नवा कार्यक्रम फोनात घातला नाही. तो म्हणाला, माझ्या आवाजात कोणी पैसे मागितले तर आपल्या जुन्या बैलाचे नाव विचार. सांगता आले तर मी.

आम्ही काकूंना ते नाव विचारून पाहिले. त्यांनी सांगितले नाही.